बर्फावरची मसलत

स्कॉटलंडमधील पेझ्ली येथील मठात १५४१ सालच्या फेब्रुवारी महिन्यात एक क्षुल्लक घटना घडली, आणि ती क्षुल्लक असूनही तिची रीतसर नोंद व्हावी म्हणून जॉन मॅक्विन नावाच्या नोटरीला, म्हणजे दस्तऐवज साक्षांकित करणाऱ्या कारकुनाला, कामाला लावण्यात आले. मठातील जॉन स्क्लेटर या संन्याशाने गोठलेल्या पाण्यावरून तीन वेळा दगड सरकवून पाहिला आणि मठाधिपतीचा प्रतिनिधी गॅव्हिन हॅमिल्टन याच्याशी ठरलेला सामना खेळण्यास आपण सिद्ध आहोत असे जाहीर केले. एवढीच काय ती हकीकत. मॅक्विनने ती लॅटिन भाषेत, एखाद्या खरेदीखताला शोभेल अशा गांभीर्याने, आपल्या दप्तरात उतरवून ठेवली. कर्लिंग या खेळाच्या इतिहासातला हा अगदी आरंभीचा कागद; आणि मौजेची गोष्ट अशी की तो कागद खेळणाऱ्याने लिहिलेला नसून पाहणाऱ्याने लिहिलेला आहे, आणि तोही अशा पाहणाऱ्याने, की ज्याचा व्यवसायच मुळी साक्षीदाराचा होता.

आपल्याकडे हा खेळ माहीत झाला तो बहुधा हिवाळी ऑलिंपिकच्या कृपेने, आणि माहीत झाला तो थट्टेचा विषय म्हणून. वयात आलेली, सुदृढ देहयष्टीची माणसे बर्फावरून घरंगळणाऱ्या एका दगडापुढे जिवाच्या आकांताने झाडू मारीत धावत आहेत, हे दृश्य प्रथमदर्शनी पाहणाऱ्याला हसू आवरणे कठीण जाते, हे मी नाकारीत नाही. परंतु हेच लोक त्या हिवाळी उत्सवातले इतर खेळ पाहताना कसे निमूट बसतात तेही पाहण्यासारखे असते. डोंगरउतारावरून ताशी शंभरावर किलोमीटर वेगाने घसरणाऱ्या दोन स्पर्धकांतला फरक सेकंदाच्या शतांश भागात मोजला जातो, आणि तो फरक कोठे पडला हे सांगण्याची प्राज्ञा पडद्याकडे पाहणाऱ्यात नसते; स्केटिंग करणाऱ्या मुलीने हवेत तीन गिरक्या घेतल्या की चार, हे समालोचकाने सांगितल्यावर आपण मान डोलावतो. या खेळांत प्रेक्षकाला आदर वाटतो, विस्मय वाटतो, पण मत असे काही बनवता येत नाही. कर्लिंग पाहायला बसलेला माणूस मात्र तासाभराच्या आत मत देऊ लागतो. माझ्या समजुतीने या खेळाचे आकर्षण शोधायचे ते येथेच.

नियम थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यात सांगता येतात. सुमारे ४५ मीटर लांब आणि ५ मीटरांच्या आत रुंद अशी बर्फाची पट्टी. तिच्या दोन्ही टोकांना एकात एक रंगवलेली वर्तुळे, त्यांना म्हणायचे हाउस, आणि त्यांच्या मध्यबिंदूला बटन. प्रत्येक संघात चौघे, प्रत्येकाच्या वाट्याला दोन दगड, आणि दोन्ही संघांनी आळीपाळीने सोळा दगड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाठवले म्हणजे एक एंड संपला. असे दहा एंड. मध्याच्या सर्वांत जवळ ज्याचा दगड, त्याच संघाला त्या एंडचे गुण, आणि प्रतिपक्षाच्या सर्वोत्तम दगडाहून आत असलेला आपला प्रत्येक दगड एक गुण. शेवटचा दगड टाकण्याचा जो हक्क त्याला हॅमर म्हणतात, आणि गुण मिळवणाऱ्याला तो हक्क पुढच्या एंडला सोडून द्यावा लागतो. म्हणून अनेकदा असे घडते की एक गुण सहज पदरात पडत असताना खेळाडू आपला दगड मुद्दाम वर्तुळाबाहेर घालवतो, एंड कोरा ठेवतो आणि हॅमर राखून बसतो. हातची मिळकत सोडून वहिवाटीचा हक्क सांभाळणारा हा व्यवहार, भाऊबंदकीच्या दाव्यांवर पोसलेल्या आपल्या मनाला समजायला मुळीच जड जाऊ नये.

बर्फाविषयी मात्र जरा विस्ताराने बोलले पाहिजे. बाहेरून काचेसारखा दिसणारा तो पृष्ठभाग वस्तुतः गुळगुळीत नसतोच. सामन्याआधी एक मनुष्य पाठीवर पाण्याची टाकी बांधून पट्टीवरून उलटा उलटा चालत जातो आणि हातातील झारीच्या तोंडातून कोमट पाण्याचे तुषार एका लयीत डावीउजवीकडे शिंपडीत राहतो. ते थेंब पडताक्षणी गोठतात आणि सबंध पट्टीवर बारीक पुळ्यांची खडी उमटते. तिला पेबल म्हणतात. कॅरमच्या फळीवर आपण बोरिक पावडर भुरभुरतो तिचे जे काम, तेच या पुळ्यांचे. दगडाचा तळही सपाट नसून खोलगट असतो, आणि जवळजवळ २० किलो वजनाचा तो ऐवज केवळ काही मिलिमीटर रुंदीच्या एका कड्यावर, त्या पुळ्यांच्या शेंड्यांना स्पर्श करीत सरकतो. खेळ चालू असता पुळ्या झिजत जातात. ज्या वाटेने दगड अधिक गेले ती वाट निराळी वागू लागते, आणि कडेची, न वापरलेली पट्टी निराळी. म्हणजे मैदान दर घटकेला बदलत असते, आणि तो बदल वाचणे हा खेळाचाच एक भाग असतो.

दगड सोडताना त्याच्या मुठीला जो हलका पीळ दिला जातो त्याने तो स्वतःभोवती दोनतीन वेळा फिरतो, आणि अखेरच्या टप्प्यात, वेग मंदावला की, मीटरभर तरी बाजूला वळतो. खेळाला नाव मिळाले ते या वळण्यावरून. येथे पदार्थविज्ञानवेत्त्यांची जी गंमत झाली आहे ती मला फार आवडते. पालथा पेला फिरकी देऊन टेबलावर सरकवला तर तो ज्या दिशेला वळतो, तिच्या नेमक्या विरुद्ध दिशेला कर्लिंगचा दगड वळतो, आणि तो तसा का वळतो याविषयी कॅनडातील मार्क शेगेल्स्की आणि स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे संशोधक यांच्यासारख्या विद्वानांत एकवाक्यता नाही. कोणी म्हणतो, घर्षणाने बर्फावर पाण्याचा सूक्ष्म थर सुटतो त्याचा हा परिणाम. कोणी म्हणतो, दगडाच्या कड्याचा पुढचा भाग पुळ्यांवर ओरखडे उमटवतो आणि मागचा भाग त्या ओरखड्यांच्या रोखाने ओढला जातो. पिढ्यान्‌पिढ्या माणसे ज्या वळणाचा अचूक उपयोग करून घेत आली, त्याचा खुलासा अजून वादात आहे, आणि खेळाडूंचे त्यावाचून काही अडलेले नाही.

आता मुद्द्याकडे येतो. धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही, हे आपल्याकडे लहानपणीच बजावले जाते, आणि बहुतेक खेळ या नियमाला अपवाद नाहीत. चेंडू हातून सुटला, की पुढचे पाहणाऱ्याने आणि टाकणाऱ्याने सारख्याच असहायपणे पाहायचे. कर्लिंगमध्ये दगड हातून सुटतो आणि वर्तुळात जाऊन थांबतो या दोन क्षणांत वीसपंचवीस सेकंदांचे अंतर असते, आणि त्या अवधीत सुटलेला बाण अजून थोडेफार ऐकत असतो. पुढे धावणारे दोघे झाडू घासून बर्फ किंचित तापवतात. घर्षण कमी होते. दगड दोनतीन मीटर अधिक जातो आणि कमी वळतो. त्यांना दगड थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही. केवळ त्याचे मरण लांबवता येते आणि त्याचा मार्ग थोडा सरळ ठेवता येतो. कर्म घडून गेले आहे, फळ अद्याप पदरात पडलेले नाही, आणि मधल्या फटीत माणसाच्या धडपडीला मोजूनमापून तेवढाच वाव आहे. ही फट दुसऱ्या कोणत्याही खेळात इतकी लांब, इतकी उघडी आणि इतकी श्राव्य नाही. बिलियर्डचा शौकीन चेंडू गेल्यावर उगाच अंग वाकडे करून त्याला वळवू पाहतो. येथे त्या वेडेपणाला सनद मिळाली आहे.

श्राव्य म्हणालो ते जाणूनबुजून. दूरचित्रवाणीवरील मोठ्या सामन्यांत खेळाडूंच्या अंगावर ध्वनिक्षेपक बसवलेले असतात, आणि प्रत्येक दगडापूर्वी संघात चाललेली मसलत प्रेक्षकाला शब्दशः ऐकू येते. संघनायक, ज्याला स्किप म्हणतात, तो पलीकडच्या टोकाला उभा राहून झाडूने निशाण दाखवतो. तिसरा खेळाडू म्हणतो, हा दगड काढावा. स्किप म्हणतो, काढला तर आपला मागचा उघडा पडेल, त्यापेक्षा त्याच्या आडोशाला जाऊन बसावे. कोणी बर्फाच्या उजव्या बाजूविषयी शंका काढतो. अखेर तजवीज ठरते. दोन्ही संघांना विचारासाठी संपूर्ण सामन्यात मिळून प्रत्येकी ३८ मिनिटांचीच मुदत असल्यामुळे ही सल्लामसलत फार लांबतही नाही. मग दगड सुटतो, आणि ठरले काय नि घडले काय यातले अंतर आपण डोळ्यांनी मोजतो. बर्फावरचे बुद्धिबळ असे या खेळाला म्हणण्याचा प्रघात आहे, पण मला तो मान्य नाही. बुद्धिबळात विचार झाकलेला असतो आणि मोहरे जेथे ठेवू तेथे जाते. येथे विचार उघडा आहे आणि मोहऱ्याला स्वतःची मर्जी आहे. राजदरबारातील खलबत पडद्याआडून ऐकावे आणि मग त्याच खलबताची रणांगणावर काय दशा झाली हेही गच्चीवरून पाहावे, असा दुहेरी लाभ दुसरीकडे मिळाल्याचे मला आठवत नाही.

प्रेक्षकांनी या खेळाकडून नुसता आनंद घेतला असे नाही, एकदा त्यांनी तो दुरुस्तही करून घेतला. कॅनडातील पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा ब्रायर या नावाने १९२७ पासून भरते आणि तेथे तिचा मान मोठा आहे. २००५ साली एडमंटन येथे भरलेल्या ब्रायरला एकूण २ लाख ८१ हजारांहून अधिक प्रेक्षक लोटले होते. १९८० च्या दशकात बर्फ तयार करण्याचे तंत्र सुधारले आणि खेळाडूंची फेक इतकी बिनचूक झाली, की एक गुणाची आघाडी मिळताच समोरच्याचा येईल तो दगड उडवून लावायचा आणि पट्टी मोकळी ठेवायची, हाच शिरस्ता होऊन बसला. अल्बर्टाचा पॅट रायन या विद्येत निष्णात होता. १९८९ साली सॅस्काटूनच्या ब्रायरमध्ये त्याने अंतिम सामना अवघ्या ३–२ अशा गुणांनी जिंकला, आणि त्या स्पर्धेत प्रेक्षकांनी सज्जातून ‘कंटाळवाणे, कंटाळवाणे’ असा घोष केला. प्रेक्षकांची फिर्याद रास्त होती. तोडगा निघाला तो रस हॉवर्ड या खेळाडूच्या सरावातून: तो आपल्या भावाबरोबर सराव करताना आरंभीचे काही दगड उडवायचेच नाहीत असा नियम पाळीत असे. १९९० च्या जानेवारीत मंक्टन शहरी झालेल्या एका मोठ्या स्पर्धेत हा नियम लागू करून पाहिला गेला, सामने रंगले, आणि कालांतराने तो सर्वत्र रूढ झाला. आज पहिले पाच दगड पडेपर्यंत समोरच्याचा पुढे राखणीला ठेवलेला दगड खेळातून घालवता येत नाही. त्यामुळे पट्टीवर गर्दी होते, आडोसे होतात, चोरवाटा होतात, आणि मसलतीला विषय मिळतो.

या दगडांचे कुलवृत्तही सांगण्याजोगे आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यासमोर, क्लाइड नदीच्या मुखाबाहेरील समुद्रात एल्सा क्रेग नावाचे निर्मनुष्य बेट आहे. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा तो थिजलेला गाभा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण वयाने त्याच्याहून थोडासाच वडील. या बेटावरचा ‘ब्लू होन’ नावाचा ग्रॅनाइट इतका घट्ट विणीचा आहे की त्यात पाणी मुरत नाही आणि गोठून कपरे उडत नाहीत, म्हणून दगडाचा सरकणारा भाग त्याचा करतात. ‘कॉमन ग्रीन’ नावाचा दुसरा प्रकार टक्कर सोसतो, म्हणून अंग त्याचे करतात. बेटाची मालकी मार्क्विस ऑफ एल्सा या घराण्याकडे, आणि दगड उचलण्याचा मक्ता समोरच्याच एअरशर परगण्यातील मॉख्लिन गावच्या के या कारखान्याकडे, जो १८५१ पासून हेच काम करतो आहे. बेट आता समुद्रपक्ष्यांचे अभयारण्य असल्यामुळे सुरुंग लावण्यास मनाई आहे. पूर्वी फुटून पडलेले धोंडे काही वर्षांच्या अंतराने बोटीत घालून आणायचे आणि ते पुरवून पुरवून वापरायचे, असा बंदोबस्त आहे.

त्याच एअरशरची ऱ्होना मार्टिन ही गृहिणी २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या संघाची स्किप होती. स्वित्झर्लंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात दहावा एंड सुरू झाला तेव्हा गुण ३–३ असे समान होते, आणि तो एंड अखेरच्या दगडावर येऊन ठेपला. हॅमर मार्टिनकडे होता. ब्रिटनमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती, आणि तरीही ज्या खेळाचे नियम बहुतेकांना आदल्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हते तो पाहत ५० लाखांहून अधिक माणसे जागी होती. तिने दगड सोडला. तो स्विस दगडाहून आत येऊन थांबायला हवा होता. जरा अधिक गेला असता तर गेला, जरा कमी गेला असता तरी गेला. तो थांबला तेथेच थांबला, आणि ब्रिटनला हिवाळी ऑलिंपिकमध्ये १९८४ नंतरचे पहिले सुवर्णपदक मिळाले. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्या दगडाला भाग्यशिला ठरवून टाकले. पुढे २०१४ साली ते पदक डम्फ्रीझच्या संग्रहालयातून चोरीला गेले.

दुसरा प्रसंग २०१८ सालचा, दक्षिण कोरियातला. उइसंग हा तिकडचा लसणीच्या पिकासाठी प्रसिद्ध असलेला ग्रामीण मुलूख. २००६ साली तेथे कर्लिंगचे सभागृह उभे राहिले आणि शाळेतल्या काही मुली सहज म्हणून तेथे जाऊ लागल्या. त्यांतूनच देशाचा संघ झाला. पाचही जणींचे आडनाव किम, प्रशिक्षिकाही किमच. परदेशी समालोचकांची त्रेधा उडू नये म्हणून मुलींनी न्याहारीच्या पदार्थांवरून टोपणनावे घेतली होती. त्यांची चष्मा लावणारी, चेहऱ्यावरची रेषही न हलवणारी स्किप किम अुन-जुंग दगड येताना झाडूवालीला ‘यंग-मी!’ अशी हाक मारी. हाक एकच, पण सूर निरनिराळे: एका सुरात ‘लाग कामाला’, दुसऱ्यात ‘थांब’, तिसऱ्यात ‘अगं, जोर कर’. आठवडाभरात सबंध कोरिया तो स्वरकोश शिकला. उपान्त्य सामन्यात त्यांनी जपानला जादा एंडमध्ये ८–७ असे हरवले. अंतिम सामना स्वीडनने जिंकला, पण घरोघरी ऐकू येत राहिली ती ‘यंग-मी’चीच हाक.

पाहणाऱ्याला आपलेपणा वाटण्याचे आणखी एक कारण, ही माणसे आपल्यासारखी दिसतात. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या कॅनडाच्या संघात वर उल्लेखिलेला रस हॉवर्ड ५० वर्षांचा होता. संघ न्यूफाउंडलंडचा, म्हणून त्या प्रांताच्या सरकारने अंतिम सामन्याच्या दिवशी शाळा दुपारीच सोडून दिल्या. अमेरिकेतील मिनेसोटाचा जॉन शूस्टर २०१४ च्या अपयशानंतर राष्ट्रीय प्रशिक्षणाच्या यादीतून वगळला गेला होता. त्याने वगळलेल्यांचाच संघ बांधला आणि २०१८ साली स्वीडनविरुद्धच्या अंतिम सामन्यात, ५–५ अशा बरोबरीतून, आठव्या एंडला एकदम ५ गुण घेतले. याहून दुर्मीळ गोष्ट म्हणजे येथील सभ्यता. चुकून झाडू दगडाला लागला तर लागला असे आपण होऊन सांगायचे, ही रीत. हार दिसू लागली की वेळ न दवडता हात पुढे करायचा, हीही रीत. अलीकडे या रीतींना तडे जात नाहीत असे नाही. २०१५ च्या सुमारास नव्या कापडाच्या झाडूंनी दगड हवा तसा वळवता येऊ लागला तेव्हा खेळाडूंत मोठी बेदिली माजली आणि अखेर झाडूच्या कापडावर निर्बंध घालावे लागले. तरीही फैसला बहुधा खेळाडूच करतात, आणि कोणता दगड जवळ हे डोळ्यांना ठरेनासे झाले तरच मोजपट्टीवाल्या पंचाला बोलावणे जाते.

ऑलिंपिक हे या खेळाचे दर्शनी दालन झाले. त्याचे माजघर कॅनडातल्या लहान गावांत आहे. अल्बर्टा प्रांतात माझा भाचा नोकरीनिमित्त स्थायिक आहे आणि दर बुधवारी संध्याकाळी तो गावातल्या क्लबात खेळतो. त्याच्याबरोबर गेलो तेव्हा पट्ट्यांच्या टोकाशी, काचेमागे उबदार जागेत, प्रेक्षकांची बाके आणि त्यांना लागूनच उपाहारगृह, अशी तेथल्या क्लबांची नेहमीची मांडणी पाहायला मिळाली. खाली शाळामास्तर, वीजतंत्री, दवाखान्यातील परिचारिका असे लोक खेळत होते; ज्यांचे गुडघे आता वाकत नाहीत ते दगडाच्या मुठीत लांब काठी अडकवून उभ्याउभ्याच दगड ढकलीत होते, आणि त्यांचे नेम तरुणांहून सरस होते. माझ्या शेजारी एक सत्तरी ओलांडलेल्या बाई विणकाम करीत बसल्या होत्या. काचेपलीकडचे शब्द ऐकू येत नव्हते, पण स्किपच्या हातवाऱ्यांवरून त्या मला प्रत्येक मसलतीचा तर्जुमा करून सांगत होत्या, आणि मधूनच ‘चुकणार, हा चुकणार’ असे भाकीत करून टाके मोजीत होत्या.

भाच्याचा संघ हरला. वहिवाटीप्रमाणे जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पेये दिली आणि आठही जण एकाच गोल टेबलाभोवती बसले; बाईंनी खुर्ची ओढली, मलाही बसवले. सहाव्या एंडची चर्चा निघाली.

‘‘मामा, तू वरून बघत होतास. तू काय केलं असतंस?’’ भाच्याने विचारले.

मी म्हटले, पुढचा दगड उडवला असता. टेबलावर एकदम गलका झाला. दोघे माझ्या बाजूचे, सहा विरुद्ध. बाईंनी सर्वांना गप्प केले, मिठाची डबी मध्ये ठेवली, मिऱ्याची डबी तिच्या पुढ्यात राखणीला लावली, माझा रिकामा ग्लास उचलून माझ्याच हातात दिला आणि म्हणाल्या, ‘‘बरं, हा तुमचा शेवटचा दगड. दाखवा कसा उडवता ते.’’